नागपंचमीची पाचर

अकोल्याला मोरणा नदीच्या काठापासून थोडं आत, माळावर, एका शेटने कापसाची वखार बांधायला काढली होती. त्या वखारीच्या विहिरीत मी जवळजवळ वर्षभर रोज उतरलो. पाणी गोडं लागलं पाहिजे, एवढीच शेटची अट होती. ती अट तिथल्या जमिनीला मान्य नव्हती.

त्या दिवसांत वऱ्हाडात कापसाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. सातासमुद्रापार कुठेतरी लढाई चालली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि म्हणून इथल्या बोंडाला भाव आला होता, असं लोक सांगत. लढाई कोणाची कोणाशी, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसे, मलाही नव्हतं. दिसायचं एवढंच, की अमरावतीच्या व्यापाऱ्यांची माणसं गावोगाव फिरताहेत, शेतातून गडी सुटत नाही आणि विहीर खणायला माणूस मिळत नाही. रेल्वेचा रस्ता येत होता. मेळघाटातला साग रुळांखाली घालायला जात होता. आमच्या वाट्याला टेकूंसाठी बाभूळ आली.

मी टेकूवाला. म्हणजे जमिनीखाली खणत गेलेल्या जागेत छताला लाकडं लावायची, त्यांच्या डोक्यावर पाचरा ठोकून ती घट्ट करायची आणि पहारीच्या टोकाने छत वाजवून बघायचं. हे काम मला उस्तादांनी शिकवलं. उस्ताद वऱ्हाडातले मुसलमान, बाळापूरकडचे, बापजाद्यांपासून दगडाचं काम करणारे. मी कोकणातला, खाडीकाठचा. शाळा मी पावकीच्या पाढ्यांपर्यंत केली. वडील गेले, तेव्हा धूळपाटीवरून बोट उचललं ते उचललंच. अक्षर लिहिता येतं, पण लांब वाक्य लिहायला बसलो की अजून तळहाताला घाम येतो. घाटात रेल्वेचे बोगदे फोडायचं काम निघालं, तिथे पोटासाठी गेलो आणि तिथे उस्ताद भेटले.

त्या घाटात पटकीची साथ आली. झोपड्या रिकाम्या होऊ लागल्या. जे उभे होते ते पळाले, जे आडवे होते ते तसेच राहिले. मी आडवा होतो. उस्ताद पळाले नाहीत. कांजी कोणी केली, घाण कोणी काढली, मला काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे पाठ करून छिन्नीला धार लावत बसले होते. म्हणाले, "उठला का? लवकर बरा हो बेटा, तुह्या वाटणीचे टेकू मी लावून राह्यलो." एवढंच. आभार मानायचे कसे, हे मला शाळेत शिकवलं नव्हतं आणि नंतरही जमलं नाही. घाटातलं काम संपल्यावर ते आपल्या मुलखाकडे निघाले, तेव्हा मी त्यांच्या बैलगाडीमागून चालू लागलो. त्यांनी विचारलंही नाही कुठे येतोस म्हणून.

त्यांचं घर वखारीच्या माळालगतच्या गावात होतं. घरी चाची होती, उस्तादांची बायको. मूलबाळ नव्हतं. मी त्यांच्या पडवीत राहायचो. चाचीला माझी भाषा मिळमिळीत वाटायची. "हा कोकण्या बोलते का गाणं म्हनते?" असं शेजारणींना विचारायची आणि माझ्या भाकरीवर ठेच्याचा गोळा जरा मोठाच ठेवायची.

विहिरीचं सांगतो. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीची पांढरट माती, मग मुरूम. मुरमाखाली काळा खडक लागला, तो सुरुंगाने फोडला. खाली पाणी आलं, ते मचूळ. शेटने एक घोट घेतला आणि थुंकला. उस्तादांनी मात्र खाली एका बाजूला बोट दाखवलं. काळ्या खडकाच्या तळाशी गेरूसारख्या तांबड्या मातीचा एक थर होता, कमरेएवढा जाड, आणि तिच्याखाली पुन्हा काळा खडक. त्या तांबड्या थरातून एका अंगाने झिरपणारं पाणी जिभेला बरं लागत होतं. "हे पाणी टेकडीकडून येऊन राह्यलं," उस्ताद म्हणाले. "त्याच्या मागं जावं लागते." म्हणून विहिरीच्या तळापासून टेकडीच्या दिशेने आडवं भुयार खणायचं ठरलं. तांबडी माती मऊ, ती खणायची, आणि माणूस उभा राहील इतका वरचा खडक काढायचा.

आता हे लोकांना सांगितलं की ते म्हणतात, वर एवढा काळा पाषाण, त्याला टेकू कशाला? मलाही घाटात आधी तसंच वाटायचं. पण खडक म्हणजे एक गोळा नव्हे. तो थराथरांचा असतो. फळ्यांची चळत रचून ठेवावी तसा. भुयार खणलं की सगळ्यात खालच्या फळीखालचा आधार जातो. ती आपल्याच वजनाने किंचित वाकते आणि वरच्या फळीपासून सुटते. डोळ्याला दिसत नाही. पहारीने वाजवलं तर कळतं. सुटली नसेल तर आवाज खणखणीत, सुटली असेल तर रिकाम्या रांजणासारखा. वरच्या साऱ्या जमिनीचं ओझं त्या सुटलेल्या फळीवर नसतंच. ते वळसा घालून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरतं. म्हणून भिंती मऊ असल्या की त्या आधी फुगतात. टेकूने डोंगर उचलायचा नसतो, सुटलेली तेवढी फळी धरून ठेवायची असते. आणि भुयार रुंद करायचं नाही. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं टेकली पाहिजेत, असा उस्तादांचा नेम होता. शेटला ते आवडायचं नाही. रुंद केलं तर पाणी जास्त साठेल, असं तो म्हणायचा. उस्ताद म्हणायचे, "शेटजी, मंग तुमीच हात मोठे करून आना."

दुसरा नेम होता पहिल्या पावलाचा. सकाळी भुयारात पहिलं पाऊल टेकूवाल्याचं. ज्याच्या हातचा टेकू, तो आधी एकटा आत जाणार, शेवटपर्यंत छत वाजवत जाणार, आणि त्याने हाक दिल्यावरच बाकीचे. त्यामुळे रोज सकाळी आत जाण्याआधी मी पहिल्या टेकूची पाचर दोनदा चाचपायचो. ती सवय कधी गेली नाही. मी मुळातच काळजीखोर. माझा जोडीदार मला यावरून फार छळायचा. तो अकोटकडचा कुणबी होता. घरी शेत होतं, पण भावाशी पटत नव्हतं म्हणून खणायला आलेला. राहाट ओढायला आणि दगड फोडायला त्याच्यासारखा दुसरा नव्हता.

"काऊन बे कोकण्या, छताले एवढं वाजवतं? पोरगी पाह्यला आला का?"

"तू गप्प बस. आवाज ऐकू दे."

"आवाज काय ऐकतं? ते म्हनते, मी पडून राह्यलो, सरक." मग तो स्वतःच मोठ्याने हसायचा आणि भुयारात ते हसणं घुमायचं. गोड्या पाण्याबद्दल त्याला सगळ्यात जास्त नवल होतं. त्याच्या गावाकडे विहिरींना खारं पाणी. "आमच्या इकडं भाजीत मीठ टाकत नाई, बापा," तो सांगायचा. "पानी टाकलं की झालं."

श्रावण लागला. पाऊस मुरत मुरत खाली आला आणि भुयाराच्या मध्यावर छतातून ठिबकू लागला. खाली तांबड्या मातीची जमीन लोण्यासारखी झाली. टेकूंचे पाय त्या मातीत रुतू लागले. टेकू रुतला की त्याच्या डोक्यावरची पाचर ढिली पडते, आणि पाचर ढिली पडली की छताची खालची फळी पुन्हा मोकळी. मी पायांखाली सपाट दगड घातले, तरी ते हळूहळू बसतच होते. रोज सकाळ-संध्याकाळ मधल्या टेकूंच्या पाचरा ठोकाव्या लागत. बाभळीचं एक बरं होतं, की ओझं वाढलं की ती आधी करकरते. तिचा कुरकुर असा आवाज मी झोपेतही ऐकायचो. तो ऐकला की माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो.

आणि मग नागपंचमी आली.

त्या दिवशी जमिनीत लोखंड घालायचं नाही. नांगर नाही, कुदळ नाही, घरात विळीवर भाजी चिरायची नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. कोकणात हे आम्हीही पाळायचो. काम बंद राहणार होतं, त्याबद्दल वाद नव्हता. वाद पाचरांचा होता. आदल्या संध्याकाळी मी उस्तादांना म्हटलं, "एक दिवस आणि दोन रात्री पाचरा ठोकल्या नाहीत, तर मधले टेकू नुसते उभे राहतील. छत धरणार नाहीत."

उस्ताद म्हणाले, "उद्या मी उतरतो. माहा सण नाई."

जोडीदार तिथेच पाय धूत होता. तो एकदम गंभीर झाला. तसं त्याला मी क्वचितच पाहिलं होतं. "उस्ताद, तुमचा सण नाई हे खरं. पन जमीन तं तीच हाय नं? तुमी खाली हातोडा मारसान, अन् वर आमच्या बाया वारुळाले लाह्या वाहतीन. हे बरं दिसन का?"

"पाचर ठोकनं म्हंजे खननं हाय का?"

"मले नाई मालूम. पन घाव तं घावच हाय."

उस्तादांनी दाढी खाजवली. ते कोणाच्या रीतीला कधी हसले नाहीत. त्या गावात त्यांना राहायचं होतं आणि खणणारी सगळी माणसं आमचीच होती. शेवटी ते म्हणाले, "घाव नाई घालायचा? ठीक. नाई घालत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पडवीतून सुक्या बाभळीच्या पाचरा काढल्या. उन्हाळाभर चुलीच्या वर ठेवून हाडासारख्या वाळलेल्या. खाणीत मोठा दगड फोडताना ते एका रेघेत भोकं पाडून त्यांत अशा सुक्या पाचरा बसवत आणि त्यांना पाणी पाजत. लाकूड फुगतं आणि दगड आपोआप सरळ रेघेत उलतो. घाव नाही, सुरुंग नाही. तीच युक्ती त्यांना सुचली होती. ढिल्या पाचरा काढायच्या, त्या जागी सुक्या पाचरा हाताने दाबून बसवायच्या आणि त्यांवर पाणी ओतायचं. पाचर फुगून टेकू घट्ट होईल. लोखंड कुठेच लागणार नाही.

माझ्या मनाला ते पटलं नाही. मी म्हटलं, "उस्ताद, ही पाचर तर दगड फोडते."

"भोकात घातली तं फोडते बेटा. भोकात तिले पळायले जागा नसते. इथं खाली टेकू हाय, टेकूखाली चिखल. जास्त झालं तं टेकू खाली सरकन."

बोलणं बरोबरच होतं. उस्ताद आणि मी लोखंडाचा तुकडाही न घेता उतरलो. जोडीदार लाह्या खात वर राहाटापाशी थांबला. उस्तादांनी स्वतःच्या हाताने पाचरा बसवल्या, मी दिवा धरला आणि तांब्याने पाणी घातलं. वर आलो तर जोडीदार खूश. "उस्ताद, तुमी तं नागोबालेबी संभाळलं अन् शेटलेबी!" त्याने आमच्या दोघांच्या हातांवर लाह्या ठेवल्या. दुपारी चाचीने आमच्यासाठी उकडलेलं जेवण केलं. तिच्या घरी तवा चढायला हरकत नव्हती, पण पडवीत मी होतो म्हणून तिनेही चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेऊन दोराला हात घातला, तर उस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाचर माह्या हातची हाय. आज पयलं पाऊल माहं."

"टेकू माझे आहेत, उस्ताद."

"अन् नेम कोनाचा हाय?" ते हसले. "तू तोंडाशी थांब. तुह्या कानाले जास्त ऐकू येते."

म्हणून मी भुयाराच्या तोंडाशी, विहिरीच्या तळावर उभा राहिलो. उस्ताद माझ्या हातची पहार आणि एरंडेलाचा दिवा घेऊन आत गेले. पहिल्या टेकूंवर पहार वाजली. ठीक. मग मधले. पाचरेवर टकटक केल्यावर आवाज असा कडक आला, की उस्ताद आतून म्हणाले, "पाह्य! वाघासारखी बसली." बाभूळ करकरत नव्हती. अजिबात नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भुयारात तो कुरकुर आवाज नव्हता आणि मला त्यानेच भीती वाटू लागली. मी हाक मारणार होतो, पण काय सांगू? टेकू गप्प आहेत म्हणून मागे या?

उस्ताद मधल्या टेकूंच्या पुढे गेले. छत वाजवलं. आवाज रिकामा आला. त्यांनी पुन्हा वाजवलं. तेवढ्यात त्यांच्या आणि माझ्या मध्ये, दिव्याच्या उजेडात, छतातून पीठ चाळल्यासारखी बारीक कच खाली आली.

"उस्ताद, मागे!"

ते वळले. एक पाऊल टाकलं असेल. छताची खालची फळी बरोबर पाचरांच्या रेघेत उलली, खाणीतल्या दगडासारखी, आणि दोन्ही बाजूंनी खाली आली. तिच्यामागे वरची, मग तिच्या वरची. सुरुंगासारखा आवाज नव्हता. जड पोती एकावर एक टाकावीत तसा होता. वाऱ्याचा झोत माझ्या तोंडावर आला आणि अंधार झाला.

वरून जोडीदार ओरडत होता. मी थुंकत होतो. तोंडात धूळ होती. मग आतून आवाज आला. खोकला, आणि मग शब्द.

"कोकण्या. जिंदा हाओ. पाय अडकला."

मी पाऊल टाकलं तसे ते ओरडले, "नाई! आत नाई यायचं. अजून पडन. चाचीले जाऊन सांग, अन् शेटले सांग की मानसं आना."

माणसं कुठून आणायची? अर्धं गाव शेतात. आणि कोणी आलं असतं तरी त्या छताखाली कोण शिरलं असतं? घाटात मी झोपडीत पडलो होतो, तेव्हाही कोणी शिरत नव्हतं. मी वर हाक मारून दिवा मागितला. जोडीदार दिवा बांधून सोडण्याऐवजी स्वतःच दिवा घेऊन दोरावरून घसरत आला. त्याचे तळहात सोलले होते.

"जाऊ नोको बे," तो म्हणाला. "दोघंबी जासान."

"मी आधी बघतो."

दिवा उंच धरून मी बघितलं. मला आयुष्यात इतकं नीट बघितलेलं दुसरं काही आठवत नाही. छत सगळं पडलं नव्हतं. सगळ्यात खालचा थर भिंतीपासून भिंतीपर्यंत गेला होता. त्याच्या वरचा थर दोन्ही बाजूंनी थोडा थोडा उरला होता, वीतभर पुढे आलेला. त्याच्या वरचा आणखी पुढे. अशा दोन्ही बाजूंनी पायऱ्या चढत गेल्या होत्या, वर अरुंद होत. आणि सगळ्यात वर, हातभर रुंदीच्या फटीवर, एक थर अखंड होता. त्याला तडा नव्हता. असंच एक पडलेलं छत घाटात मी पाहिलं होतं. साहेबलोकांनी ते तसंच ठेवलं होतं आणि त्याखालून पावसाळाभर गाड्या गेल्या. खडकाने पडायचं तेवढं पडून स्वतःसाठी कमान केली होती. मी भिंतीला तळहात लावला. थरथर नव्हती. वरून कच येणं थांबलं होतं. मी वाट पाहिली. किती, ते ठाऊक नाही. उस्ताद दोनदा बोलले, "गेला का रे?" मी कान छताकडे लावून होतो. मला ऐकायचं होतं.

मग मी म्हटलं, "उस्ताद, छताला पायऱ्या पडल्यात. वरचा थर अखंड आहे."

ते म्हणाले, "कच?"

"थांबली."

"टेकूले हात लावू नोको. जे उभं हाय ते उभं राहू दे."

ही परवानगी होती. मी आत शिरलो. भीती गेली असं मी सांगणार नाही. ढिगावर पोटाने सरकत गेलो. उस्तादांचा डावा पाय गुडघ्याखाली, छतातून पडलेल्या फरशीच्या कोपऱ्यात दाबला होता. त्यांच्याजवळ पडलेली पहार मी तिच्याखाली घातली, पण एकट्याला फरशी हलेना. मागे श्वास ऐकू आला. जोडीदार आला होता. घामाने आणि चिखलाने ओळखू येत नव्हता.

"तू कशाला आलास?"

"पोरगी पाह्यला," तो म्हणाला. आवाज मात्र रडल्यासारखा होता.

दोघांनी पहारीवर अंग टाकलं. फरशी चार बोटं उठली. जोडीदाराने पहार दाबून धरली आणि मी उस्तादांच्या काखेत हात घालून ओढलं. ते ओरडले नाहीत, त्यांनी माझ्या खांद्याला चावा घेतला. त्याचा वण अजून आहे. सरकत, थांबत, सरकत आम्ही विहिरीच्या तळावर आलो. जोडीदाराने त्यांना मोठ्या टोपल्यात बसवून दोराला बांधलं. तोवर राहाटापाशी दोन बायका आणि वखारीचा चौकीदार जमले होते. त्यांनी ओढलं.

वर आल्यावर उस्ताद चिखलात उताणे पडून राहिले. आभाळ भरून आलं होतं. ते बराच वेळ वर बघत होते. म्हणाले, "हे छत बरं हाय. एकबी टेकू नाई." आणि मग त्यांना शुद्ध राहिली नाही.

पाय मोडला होता. हाड बसवणाऱ्याने बसवला, पण तो आखूड राहिला. गावात लोक म्हणाले, नागोबाला फसवायला गेले म्हणून झालं. उस्तादांनी कोणाला उलट उत्तर दिलं नाही. मला मात्र खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं. चूक घाव न घालण्याची नव्हती. खालच्या चिखलात टेकू सरकेल असं त्यांना वाटलं, पण पायाखाली मी घातलेले सपाट दगड त्या वेळेपर्यंत बसून घट्ट झाले होते. टेकूला सरकायला जागाच नव्हती. मग पाचरेने वर ढकललं. सुटलेली फळी नुसती धरायची, तिला आपण मधोमध उचलली. "अन् बाभळीले बोलू नाई देल्लं," ते म्हणाले. "इतकी घट्ट केली, की करकरायले जागाच नाई ठेवली." ते बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दगडांवरून त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्या दगडांवाचून टेकू आधीच बुडाले असते, असं वर म्हणाले.

शेटने दुसरे खणणारे आणायचं म्हटलं, मीच नको म्हटलं. पडलेलं छत तसंच ठेवलं. पायऱ्यांना हात लावला नाही. खाली दोन्ही भिंतींना लागून पडलेल्या फरश्यांची चुन्याशिवाय सुकी रचाई केली, म्हणजे भिंती फुगायच्या नाहीत. दिवाळीच्या सुमाराला त्या ढिगातून पाणी वाहू लागलं. आधी तांबडं, मग नितळ. गोडं नव्हतं. प्यायजोगं होतं. चाचीने चाखलं आणि म्हणाली, "चालते." जोडीदाराने घागरभर घेतलं आणि आपल्या गावाकडे पाठवलं, तिकडच्या लोकांना चिडवायला. पुढे लढाई संपली असं कानावर आलं, कापसाचा भाव उतरला, वखार अर्धी रिकामी राहिली. विहीर मात्र भरलेली राहिली.

उस्ताद पुन्हा कधी जमिनीखाली उतरले नाहीत. चालू लागल्यावर काठी टेकत विहिरीपाशी यायचे आणि काठावर बसायचे. पहिलं पाऊल मग रोज माझंच. मी आत शेवटपर्यंत जायचो, वाजवायचो, परत तोंडाशी यायचो. ते वरून विचारायचे, "काय म्हनते?"

मी ओरडून सांगायचो, "करकरतंय थोडं."

"मंग ठीक हाय," ते म्हणायचे. "जाऊ दे लोकाईले."

पुढे चांद्याकडे जमिनीत जळणारा काळा दगड निघाला, कोळसा, आणि मी तिकडे गेलो. तिथे छत वाळूच्या दगडाचं आणि चिखलाच्या पातळ पापुद्र्यांचं, थर त्याहूनही बारीक. मी निघालो तेव्हा चाचीने पदरात बांधून भाकऱ्या दिल्या. उस्ताद दारापर्यंत आले, पण मी गाडीत चढताना माझ्याकडे पाठ करून काठीचं टोक बघत बसले. कोकणात घरी आईला मी कधीतरी कळवलं, की मी बरा आहे. टेकूचं काही कळवलं नाही.

इथल्या खाणीत माणसं पुष्कळ आहेत. अजून पहिला मीच उतरतो. गुडघे दुखतात, नजर मंद झाली आहे, कान तेवढे राहिलेत. माझ्या जागी तरुण माणूस ठेवू का, असं खाणीच्या साहेबाने विचारलं, मी नको म्हटलं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी उजेड असतानाच मी सगळ्या पाचरा ठोकून येतो, जरा सैल, आणि दोन रात्री खाणीत कोणाला जाऊ देत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एकटा आत जातो. पहार लावतो. लाकूड करकरलं की परत येऊन हाक देतो. वरून कोणी विचारत नाही, पण मी थांबतो थोडा वेळ, सवयीने.